८६ किलोचा स्वार आणि २८० किलोचा घोडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपले वजन ८६ किलो आहे, मे महिन्यात कुटुंबासह माथेरानला जायचे आहे, आणि पुण्यात घोडेस्वारी शिकणाऱ्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलीने घरी येऊन सांगितले आहे की घोड्याने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक ओझे वाहू नये. हा नियम खरा आहे का, आणि तो खरा असेल तर आपण घोड्यावर बसावे की नाही, असे आपण विचारता. मी पशुवैद्य आहे आणि गेली सव्वीस वर्षे रपेटीचे, शर्यतीतून निवृत्त झालेले आणि वरातीचे घोडे तपासत आलो आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात मला शंका नाही. थंड हवेच्या ठिकाणी सर्वसाधारणपणे जो घोडा आपल्यासमोर उभा केला जाईल, त्याच्यावर आपण बसू नये. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे. नियम चुकीचा नाही. पण तो ज्या घोड्यांवरून ठरला, तसे घोडे आपल्या डोंगरांवर फारसे नसतात, आणि टक्के कशाचे काढायचे हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

वीस टक्क्यांचा आकडा जुना आहे. अमेरिकी घोडदळाच्या १९२० च्या सुमारास निघालेल्या पुस्तिकेत तो आढळतो, आणि तो प्रयोगशाळेतून नव्हे तर मोहिमांच्या अनुभवातून आला होता. ओझ्याची किंमत घोडदळांनी फार महाग पद्धतीने शिकली होती. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे दगावले, आणि त्यांतले बहुतेक गोळीने नव्हे, तर जास्तीचे ओझे, अपुरी चंदी, विश्रांतीचा अभाव आणि रोगराई यांनी मेले. आकड्याची पद्धतशीर तपासणी पुष्कळ नंतर झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे ठेवून त्यांना पाऊण तास काम दिले. १५ आणि २० टक्क्यांत फारसा फरक दिसला नाही. २५ टक्क्यांवर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचा ताण वाढलेला दिसला, आणि ३० टक्क्यांवर दुसऱ्या दिवशीही पाठीचे स्नायू दुखरे आणि ताठर राहिले. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आकड्याइतकीच मोलाची वाटते : ज्या घोड्यांची कंबर रुंद होती, त्यांचे स्नायू कमी दुखले. आपल्याकडचे जुने जाणकार घोडा विकत घेताना कंबरेवर आडवा पंजा ठेवून पाहतात, ते उगाच नव्हे.

याच्या उलट दिशेचे पुरावेही आहेत आणि ते लपवणे योग्य नाही. आइसलँडची घोडी आपल्या तट्टांसारखीच बुटकी असतात, आणि तिथे धिप्पाड माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर बसत आली आहेत. त्या जातीच्या घोड्यांवर २० ते ३५ टक्के ओझे ठेवून केलेल्या चाचणीत, रक्तात लॅक्टेट (स्नायूंवर जास्त ताण पडला की तयार होणारे द्रव्य) साचू लागण्याची मर्यादा सरासरी २३ टक्क्यांच्या आसपास निघाली. पण एखाद्या घोड्याची ती १७ टक्क्यांवरच आली, तर दुसऱ्याची २७ टक्क्यांच्या पुढे गेली. एकाच जातीच्या, सारख्याच तयारीच्या घोड्यांत एवढी तफावत असेल, तर सरसकट आकड्यावर किती विसंबायचे हे आपणच ठरवा. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये न्यूमार्केट येथील संस्थेत पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा घोड्यांवर चार वजनांचे अनुभवी स्वार आळीपाळीने बसवले. सर्वांत हलका स्वार सुमारे ६१ किलोचा होता आणि सर्वांत जड १४२ किलोचा. वरच्या दोन वजनांच्या स्वारांच्या सगळ्या चाचण्या, घोडे तात्पुरते लंगडू लागल्यामुळे किंवा अस्वस्थ झाल्यामुळे, अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या. यातला जो स्वार ९१ किलोचा होता, त्याचे वजन घोड्यांच्या वजनाच्या जेमतेम १५ ते १८ टक्के होते, म्हणजे पुस्तकी मर्यादेच्या आतच. मात्र सर्वांत जड स्वार खोगिरात मावत नव्हता आणि त्याचा भार मागच्या काठावर पडत होता. तेव्हा त्रास वजनाचा किती आणि खोगिराचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. मला स्वतःला ही त्रुटी वाटत नाही, कारण प्रत्यक्षातही या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच.

आता आपल्या घोड्यांकडे वळू. वर सांगितलेले ओहायोचे आणि न्यूमार्केटचे घोडे साधारण चारशे ते सहाशे किलोंचे होते. आपल्या थंड हवेच्या ठिकाणी रपेटीला असतात ती देशी आणि मिश्र रक्ताची लहान जनावरे, काही काठियावाडी किंवा मारवाडी वळणाची, आणि अधूनमधून शर्यतीतून उतरलेला एखादा उंच थरोब्रेड. यांचे वजन कोणी करत नाही, कारण घोडा मावेल असा काटा डोंगरावर नसतो. पण शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून, तंग (खोगीर आवळण्याचा पट्टा) जिथे बसतो तिथे, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येणारा आकडा किलोमध्ये असतो आणि व्यवहारापुरता बरोबर असतो. मी मोजलेल्या कितीतरी रपेटीच्या घोड्यांचा घेर १५५ आणि लांबी १४० च्या आसपास भरते. हिशेब केला तर वजन २८३ किलो येते. त्याचे वीस टक्के म्हणजे साडेछप्पन किलो, आणि इथेच दुसरी चूक होते : हे साडेछप्पन किलो स्वाराचे नाहीत, पाठीवर जे जे चढते त्या सगळ्याचे आहेत. खोगीर, त्याखालचे घोंगडे, रिकिबी, पाठीवरची पिशवी, बूट आणि पाण्याची बाटली धरून आठ किलो सहज जातात. उरतात साडेअठ्ठेचाळीस. आपण ८६ किलोंचे, खोगिरासह ९४. म्हणजे त्या जनावराच्या वजनाच्या ३३ टक्के. वीस टक्क्यांत बसायचे असेल तर आपल्याला ४७० किलोंचा घोडा हवा, आणि न्यूमार्केटच्या निष्कर्षांचा आदर राखून पंधरा टक्क्यांवर थांबायचे म्हटले तर सव्वासहाशे किलोंचा. तसा घोडा मी डोंगरावर पाहिलेला नाही.

टक्के काढताना घोड्याचे निरोगी वजन धरावे, हेही लक्षात ठेवायला हवे. पोट सुटलेल्या, मानेवर चरबी चढलेल्या घोड्याची चरबी ओझे उचलत नाही. ती स्वतःच ओझे असते. उलट, फासळ्या मोजता येतील अशा घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू झिजलेले असतात, आणि त्याच्या बाबतीत वीस टक्केदेखील जास्तच होतात, कारण खोगीर आणि हाड यांच्यामध्ये काहीच उरलेले नसते.

घोड्याची पाठ म्हणजे चार खांबांवर ठेवलेले टेबल, अशी बहुतेकांची समजूत असते. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचा पुढचा धड दोन्ही पुढच्या पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या आणि पट्ट्यांच्या झोळीत टांगलेला असतो, आणि उभ्या घोड्याच्या स्वतःच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, साधारण साठ टक्के, पुढच्या पायांवरच असतो. स्वार बसतो तोही याच भागाच्या जवळ. ओझे वाढले की झोळी खाली ओढली जाते, पाठ खोलगट होते, मान वर जाते, आणि घोडा पाठीने न चालता नुसत्या पायांनी चालू लागतो. खोगिराच्या गाद्यांखालच्या दाबाची मोजमापे झाली आहेत. त्यांत असे दिसले की, सावकाश चालीत पाठीवरचा सर्वाधिक जोर स्वाराच्या वजनाच्या साधारण सव्वापट, दुडकीत सुमारे अडीचपट आणि कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, त्याहूनही थोडा अधिक भरतो. म्हणजे आपल्यासारखा स्वार दुडकीत बसून राहिला, तर प्रत्येक पावलाला दोनशे किलोंच्या वरचा हिसका त्या पाठीवर बसतो. मुरलेला स्वार रिकिबीत उठत-बसत हा हिसका गुडघ्यांत आणि घोट्यांत जिरवतो. पहिल्यांदा बसलेला पर्यटक तो जिरवू शकत नाही. तो खोगिरावर आपटतो आणि तोल जाईल म्हणून लगाम ओढतो. म्हणून मांड पक्की असलेला ७५ किलोंचा स्वार आणि लगामाला लोंबकळणारा ६५ किलोंचा पर्यटक यांत निवड करायची झाली, तर घोड्याच्या वतीने मी पहिल्याला पसंती देईन.

काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी मला एक करडा, खच्ची केलेला घोडा दाखवला होता. तो खोगीर पाहिले की दात दाखवी आणि तंग आवळताना मागचा पाय झाडी. मालकाने त्याला मारलेले नव्हते. उलट, पाठ दुखते हे ओळखून त्याने खोगिराखाली दोनाची चार घोंगडी घातली होती. नेमके तिथेच बिघडले होते. बूट घट्ट होतो म्हणून आत आणखी मोजा चढवावा, तसे ते झाले. खोगिराची कमान आधीच अरुंद होती, ती आणखी आवळली आणि मानेच्या बुडाशी असलेल्या खांद्याच्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंनी चिमटा बसला. तिथले केस पांढरे झाले होते. काळ्या, तांबड्या किंवा करड्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी असे पांढरे ठिपके दिसले, तर तो जुन्या दाबाचा दाखला समजावा. तिथली केसांची मुळे एकदा दुखावली की रंग परत येत नाही. मी घोंगडी काढायला लावली, सहा आठवडे पाठीला सुट्टी दिली, आणि नंतर रुंद कमानीचे जुने लष्करी धाटणीचे खोगीर मिळवून दिले. घोडा सुधारला. पण मालकाने मला जे विचारले, ते आजही टोचते : ऐन मेच्या हंगामात सहा आठवडे सुट्टी दिली, तर पावसाळ्यात चारा कुठून आणायचा?

हा प्रश्न बाजूला ठेवून घोड्याच्या हिताची चर्चा करणे मला दांभिकपणाचे वाटते. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा हा तिथे करमणुकीपुरता नाही, तो वाहतुकीचाच भाग आहे. सुट्टीचे दिवस मोजके असतात आणि पावसाळा बहुतेक कोरडाच जातो, म्हणजे कमाईच्या दृष्टीने. समोर आलेले जड गिऱ्हाईक घोडेवाल्याने नाकारले, तर शेजारचा त्याला घेऊन जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून ही जबाबदारी एकेका घोडेवाल्यावर टाकून भागणार नाही. ग्रीसमध्ये सँटोरिनी बेटावर पर्यटक वाहणाऱ्या गाढवांवरून बराच गदारोळ झाल्यानंतर, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा अशी मर्यादा घातली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावरावर बेसुमार स्वारी करणे हा स्वतंत्रपणे नमूद केलेला गुन्हा आहे, आणि १९६५ च्या नियमांत पाठीवरच्या ओझ्याच्या मर्यादा आहेत : तट्टासाठी ७० किलो, खेचरासाठी २०० किलो, गाढवासाठी ५० किलो. त्याच नियमांनुसार दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवावे लागते. हे आकडे मालवाहतुकीसाठी लिहिलेले आहेत, हे खरे. पण ७० किलोंचे पोते ज्या तट्टाला कायद्याने कमाल, त्याच तट्टावर ९४ किलोंचा भार चढवताना कोणालाच काही वाटू नये, हे विचित्र आहे. माझ्या मते प्रत्येक घोडातळावर माणसांसाठी एक साधा वजनकाटा, प्रत्येक घोड्याच्या परवान्यावर त्याचे टेपने काढलेले वजन, आणि चढण्यासाठी दोन-अडीच फुटांचा ओटा, एवढे केले तरी निम्मे काम होईल. मोठ्या घोड्याचे भाडे जास्त असावे आणि ते उघडपणे पाटीवर लिहिलेले असावे.

ओट्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढताना सगळा भार काही क्षण एकाच बाजूला येतो, खोगीर तिकडे ओढले जाते आणि खांद्याच्या उंचवट्यावर त्याची कळ बसते. दिवसातून दहा वेळा, नेहमी डाव्याच बाजूने. जड माणसाला वर ढकलण्यासाठी दोघे जण खालून हात लावतात, तेव्हा लोक हसतात. घोड्याचे कान त्या वेळी कुठे वळले आहेत, ते मात्र पाहत नाहीत.

वरातीच्या घोडीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. चालणाऱ्या घोड्यापेक्षा ओझे घेऊन उभ्या असलेल्या घोड्याला कमी त्रास होतो, असे वाटते, तसे नसते. चालताना स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैलावतात, त्यामुळे रक्त खेळते राहते. बँडसमोर पाऊण तास जागच्या जागी उभ्या केलेल्या घोडीच्या पाठीवर नवरदेव, त्याच्या पुढे करवला आणि खाली नक्षीदार पण कडक खोगीर, असा भार एकाच जागी दाबत राहतो. डोंगरावर आई-वडिलांपैकी एक जण आणि पुढ्यात मूल असे दोघे बसतात, त्यातही हाच घोटाळा आहे : मूल खोगिराच्या पुढे, थेट खांद्याच्या हाडावर बसलेले असते. मुलाला वेगळा घोडा घ्यावा आणि घोडेवाल्याला लगाम धरून सोबत चालायला सांगावे.

आपल्या मुलीची काळजी करू नये. अकरा वर्षांच्या मुलीचे वजन जेमतेम ३५-४० किलो असते आणि लहान घोड्यालाही ते जड नाही. तिच्या स्वारीशाळेत वजनापेक्षा तासांची चौकशी करावी. एकाच घोड्यावर सकाळ-संध्याकाळ मिळून किती धडे होतात, आठवड्यात त्याला पूर्ण सुट्टी असते का, आणि त्याचे खोगीर त्याचेच आहे की जे हाताशी येईल ते चढवले जाते, हे विचारावे. शर्यतीतून आलेला घोडा उंच आणि साडेचारशे किलोंचा दिसतो, म्हणून मोठ्या माणसांना तोच दिला जातो; पण हा घोडा आयुष्यभर पन्नास-साठ किलोंच्या जॉकीला घेऊन दोन-अडीच मिनिटे धावलेला असतो, आणि त्यांतल्या अनेकांच्या कण्याच्या मणक्यांची टोके एकमेकांना घासत असतात. घोड्याचे वय हाही मुद्दा आहे. कण्यातल्या वाढीच्या चकत्या साधारण साडेपाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या, उंचीने पुरेशा दिसणाऱ्या शिंगरावर मोठा माणूस बसवू नये.

आता आपल्या सहलीबद्दल. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंतचा रस्ता अडीच-तीन किलोमीटरांचा आहे आणि झाडांच्या सावलीतला आहे. आपण तो चालत जावा, किंवा अमन लॉज स्थानकाहून छोटी आगगाडी घ्यावी. मुलीला आणि वजन बसत असेल तर पत्नीला घोड्यावर बसायचे असल्यास, आधी घोडेवाल्याच्या परवानगीने खोगीर काढून तळहात कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून कंबरेपर्यंत बेताच्या दाबाने फिरवावा. घोडा पाठ खाली घेतो, कातडी थरथरवतो किंवा वळून पाहतो, तर दुसरा घोडा मागावा. उतारावर पुढच्या पायांवरचा भार आणखी वाढतो, आणि पेव्हर ब्लॉक ओले असतील तर नाल घसरते. अशा ठिकाणी मुलीने उतरून चालावे. घोड्याच्या शेजारून चालणे तिला शाळेत शिकवलेच असेल. रपेट संपल्यावर खोगीर काढायला सांगावे आणि घामाकडे पाहावे. सगळीकडे सारखा घाम असेल तर ठीक. घामाने भिजलेल्या पाठीवर हाताएवढा कोरडा पट्टा दिसला, तर तिथे दाब इतका पडला होता की घामही फुटू शकला नाही. तो पट्टा घोडेवाल्याला दाखवावा, शांतपणे, त्याच्या जनावराबद्दल बोलतो आहोत हे लक्षात ठेवून. बहुतेक जण ऐकून घेतात. दहा-पंधरा मिनिटांनी जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मोजता आले तर ठोके मिनिटाला साठच्या खाली आलेले असावेत. नाडी सापडली नाही, तर नाकपुड्या पाहाव्यात. त्या अजून फुललेल्या असतील, तर पुढच्या पॉइंटला जाण्यासाठी तोच घोडा घेऊ नये, आणि थांबवल्याबद्दल घोडेवाल्याला त्या फेरीचे पैसे द्यावेत.